दलालमामांची वेचणी

आमच्या दलालमामांनी उभ्या जन्मात कोणाला छदामही दान केला नाही, आणि त्यांच्याएवढा दानशूर माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही. ही दोन्ही विधाने एका दमात करताना मला जराही अवघडल्यासारखे होत नाही. अवघडले असते ते मामांना, आणि तेही दुसऱ्या विधानाने. 'दान' हा शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा ओला कापूस हाती आल्यासारखा होई. अकोल्याच्या एका सज्जन वकिलांनी एकदा भर बाजारात त्यांना "या हो, अनाथांचे आश्रयदाते!" अशी हाक मारली, तेव्हा मामा मागे वळून कोण आले ते पाहू लागले. हाक आपल्यालाच आहे हे ध्यानात आल्यावर म्हणाले, "वकीलसायेब, दान देवळात करतात. पोट्ट्याले दान कायचं? आमी सौदा करतो. त्याच्या बापाचा नफा, मास्तरचा नफा, आन् मधात मी दलाल."

नात्याने ते आमचे कोणीच नव्हते. माझ्या आईच्या माहेरगावचे म्हणून ते माझे मामा, आणि माझे मामा म्हणून पुढे निम्म्या अकोल्याचे मामा. त्यांचा धंदा कापसाच्या दलालीचा. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि इकडे आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बोंडांना सोन्याचे दिवस आले. कोणी बैलांची शिंगे चांदीने मढवली, कोणी पाच गावांना जेवण घातले, आणि ज्याला काहीच सुचले नाही त्याने दुसरे लग्न केले. त्या दिवसांत मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात सकाळी कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागे आणि मामा त्या रांगेतून देवीच्या दर्शनाला निघाल्यासारखे हळूहळू चालत जात. प्रत्येक बंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी पाहायची, आणि मान हलवायची. मान बहुधा आडवीच हले. वरच्या थरात चांगला कापूस आणि पोटात पावसाने डागाळलेला, अशी भेसळ मामांच्या हातून तीस वर्षांत एकदाही सुटली नाही. डोळे मिटून बोटे फिरवायचे आणि सांगायचे, "हा दोन वावरांचा कापूस हाय. एक तुहं, एक साळ्याचं." शेतकरी शिव्या देत बंडी परत फिरवी. पण मामांनी चांगला म्हटलेला कापूस व्यापारी पुन्हा उघडून पाहत नसत, ही त्यांची अब्रू होती.

ही बोटे बाजार उठल्यावरही स्वस्थ बसत नसत, हीच काय ती अडचण. मामा जेवायला बसले की आधी भाकरीचा पोत पाहत. पाहुण्याच्या पागोट्याचे टोक चिमटीत धरून मगच त्याला कुशल विचारत. एका लग्नात मंगलाष्टके ऐन भरात आली असताना त्यांनी भटजींच्या हातातला अंतरपाट अंगठ्याने चोळून पाहिला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाले, "सूत आखूड हाय, पन एका लग्नाले पुरन." माणसांचीही त्यांनी अशीच प्रतवारी लावलेली होती. लांब धाग्याची माणसे, आखूड धाग्याची माणसे, आणि सरकी जास्त अन् रुई कमी अशी माणसे. आमच्या पातूरच्या शाळेत पुण्याकडून आलेले एक मास्तर होते. स्वच्छ, शिस्तीचे, धोतराची घडी न मोडणारे. त्यांच्याबद्दल मामांचे मत विचारले तर म्हणत, "धुतलेला हाय, पिंजलेला हाय. पन धागा जरा आखूड." हे मास्तरांच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, "त्या गृहस्थांना विचारा, आपण माणसांत राहता की गंजीत?" मामा या उत्तरावर इतके खूश झाले की त्यांनी मास्तरांना ताबडतोब एक प्रत वर चढवले.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्या माणसाला तीस वर्षांत निर्दोष कापूस सापडला नाही, त्याला सबंध आयुष्यात टाकाऊ मूल सापडले नाही. कापूस खरेदीला ते गावोगाव हिंडत आणि ज्या गावी जात तिथे कापसाच्या जोडीने पोरे पाहून येत. पोराच्या हातावर एक बोंड ठेवायचे आणि म्हणायचे, "याचा धागा काढ." पोराने घाईने तोडला तर म्हणत, "तेज हाय, शाळेत घाला." हळूहळू काढला तर म्हणत, "धीराचा हाय, शाळेत घाला." एका पोराने बोंड तोंडात टाकले. मामांनी ते बोट घालून बाहेर काढले आणि त्याच्या आजीला म्हणाले, "भुकेला हाय. अगुदर जेवाले घाला, मंग शाळेत घाला."

आता पोराला शाळेत घालायचे तर बाप राजी हवा, आणि बापाला राजी करण्याची मामांची रीत बाजारातलीच होती. आमच्याकडे मोठा सौदा चारचौघांत तोंडाने होत नाही. दोघे समोरासमोर बसतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. भोवती बसलेल्यांना नुसता हलणारा दुपट्टा दिसतो. मामा पोराच्या बापाचा हात असाच दुपट्ट्याखाली घेत. आठवड्यातले किती दिवस पोर शाळेत जाणार, तेवढी बोटे. बाप एक बोट देई, मामा पाच मागत, आणि पुष्कळ ओढाताण होऊन तीन-चारावर हात टाळीला येई. मी एकदा विचारले, यात झाकण्यासारखे काय आहे? तेव्हा मामा म्हणाले, "अरे, बाप माघार घेते नं! चार लोकांत माघार घ्याले त्याले लाज वाटते. दुपट्ट्याखाली कोनाले दिसते?" पोराच्या कामाची भरपाई म्हणून आपल्याकडून काय द्यायचे, तेही तिथेच ठरे. गुरे राखणाऱ्या एका गोवाऱ्याशी त्यांनी असे ठरवले की पोर शाळेत जाईल, पण म्हैसही त्याच्याबरोबर जाईल. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी म्हैस शाळेच्या खांबाला बांधलेली पाहून आमचे पुण्याचे मास्तर किंचाळलेच. "अहो, ही शाळा आहे! इथे म्हैस?" मामा शांतपणे म्हणाले, "तिले शिकवू नका, मास्तर. तिले येते तितकं पुरे." ती म्हैस तीन महिने आली. मास्तर सांगत की हजेरी तिच्याइतकी नियमित दुसऱ्या कोणाची नव्हती.

अकोल्याच्या एका शाळेत वेशीबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा मामांनी नेऊन घातला, तेव्हा तिथल्या मास्तरांनी त्याला बाहेर ओट्यावर बसवले. दुसऱ्या दिवशी मामाही त्याच्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. "नमुना बाहेर, मंग दलालही बाहेर," एवढेच म्हणाले. आत मास्तर पाढे म्हणून घेत आणि बाहेरून मामा मोठ्या आवाजात शेरे मारत. आत नद्यांची नावे चालली की बाहेरून विचारत, "मोर्णा काहून नाही? मोर्णेनं काय घोडं मारलं?" चौथ्या दिवशी मास्तर हातात छडी घेऊन बाहेर आले, मामांकडे पाहिले, आत पाहिले, आणि सगळी शाळाच त्यांनी ओट्यावर आणून बसवली. वाऱ्याला बरे पडते, असे कारण त्यांनी दिले. मामांनी त्याला दुजोरा दिला आणि बाजारात निघून गेले.

ज्यांना बापच नव्हता, किंवा ज्यांचे गाव लांब होते, ती पोरे मामांच्या जुन्या शहरातल्या घरात राहत. पटकीच्या साथीत आईबाप गेलेले दोन भाऊ, एक कोष्ट्याचा मुलगा, शिवाय आठ दिवसांसाठी म्हणून येऊन दोन वर्षे राहिलेली कोणी कोणी. झोपायला कापसाची पोती. त्यामुळे त्या घरातल्या पोरांच्या डोक्याला शाळेत जाताना कापूस लागलेला असे आणि ती अकालीच म्हातारी दिसत. घर चालवणारी मामी अंगाने काटकुळी, जिभेने सणसणीत. मामांनी नवे पोर आणले की ती आधी दारातच त्यांना फैलावर घेई. "आनखी एक? बाप्पा, बाजारातून भाजी आना म्हनलं त पोट्टे आनते हा मानूस!" आणि मग पोराकडे वळून, "काय पाहून राह्यला बे? हात-पाय धू. भाकर थंडी होते."

अशा घरात मी कसा आलो, ती हकीकत सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

आम्ही पातूरचे माळी. वांगी, मिरच्या, कोथिंबीर आणि बाजूला झेंडूचे चार ताटवे एवढाच आमचा संसार. पण कापसाचा भाव असा चढला की वडिलांनी वांग्यांची अर्धी वाडी मोडली आणि काळ्या रानासकट सगळीकडे पऱ्हाटी लावली. घरोघर तेच झाले. वेचणी आली की मजूर कुठून मिळणार? जो तो आपल्याच शेतात. मग पोरांचे हात आले. कापूस वेचायला लहान बोटे फार चांगली, बोंडात नेमकी शिरतात. पातूरची शाळा दिवाळीनंतर अशी रिकामी झाली की मास्तर एकटेच खुर्चीत बसून छडीने माशा वारत. मी त्या शाळेतला चांगला मुलगा होतो. मराठीची सगळी पुस्तके संपली होती, आणि मास्तरांचे म्हणणे असे की याला अकोल्याच्या इंग्रजी शाळेत आताच घातला पाहिजे. एक साल शेतात गेला की पुन्हा येणार नाही. हे त्यांनी मामांना कळवले. मास्तर मामांच्या प्रतवारीत वर का चढत गेले, ते मला तेव्हा समजले.

मामा आले तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. शेजारची चार माणसेही होती.

"या, दलालभाऊ," वडील म्हणाले. "कापूस पाहाले आले का?"

"कापूस पाह्यला. पोट्टा पाहाले आलो, जवाई." आईच्या माहेरचे म्हणून मामा वडिलांना जवाई म्हणत आणि तो हक्क पुरेपूर वापरत. त्यांनी बसकण मारली, खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर पसरला आणि हात पुढे केला.

वडिलांनी हात दिला नाही. दोन्ही हात काखेत घालून ते म्हणाले, "दुपट्टा उचला. मी झाकून बोलत नाही. मागल्या साली या पोट्ट्यानं एकट्यानं येचलेला ढीग घरातल्या खुंटीले लागला होता. औंदा मजूर भेटत नाही. याच्या जागी कोन येचन, ते मले सांगा."

"मी येचन," मामा म्हणाले.

ओट्यावरची सगळी माणसे हसली. वडील हसले नाहीत. "तुमी? पऱ्हाटीत?"

"काहून? तीस साल कापूस पाह्यला."

"पाह्यला. येचला नाही."

मामांनी मांडीवरचा दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला. वडील खाली पाहून म्हणाले, "आन् दुसरं सांगतो, दलालभाऊ. शिकला का पोट्टा परका होते. मले एकच हाय." मग मामांकडे पाहून, "तरी बी तुमी आले, तं बोलतो. आज पोट्टा घेऊन जा. येचनी सरली का परत आना. तुमच्या हातचा ढीग खुंटीले लागला त पोट्टा शाळेचा. नाही लागला त पोट्टा वावराचा, आन् शाळेचं नाव पुन्हा काढाचं नाही."

मामांनी उघड्यावरच हात पुढे केला. टाळी पडली. दाराआड आई सुपात काहीतरी पाखडत होती, तो आवाज थांबल्याचे मला आठवते.

मी अकोल्याला गेलो आणि मामा आमच्या शेतात. पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण पातूरला ते अजून सांगतात आणि दर वेळी थोडे वाढवून सांगतात, त्यामुळे मी तिथे नव्हतो असे मला आता वाटतही नाही. मामा पहिल्या दिवशी पागोटे, दुपट्टा आणि जोडे अशा थाटात पऱ्हाटीत उतरले. वेचणाऱ्या बायका कमरेला लुगड्याची ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तीत टाकतात. मामांनीही दुपट्ट्याची ओटी बांधली. पण त्यांच्या पोटामुळे ती एका बाजूला उघडी राही आणि समोर टाकलेला कापूस मागे सांडे. हे काहीच नव्हे. पहिले बोंड त्यांनी तोडले, आणि तीस वर्षांची सवय उसळून आली. धागा ओढून पाहिला. उन्हात धरून पाहिला. मान हलवली आणि मगच ओटीत टाकला. दुसऱ्या बोंडाचेही तेच. सूर्य डोक्यावर आला तेव्हा बायकांची तिसरी ओळ संपत आली होती आणि मामा पहिल्या ओळीच्या मध्यावर होते.

एक म्हातारी म्हणाली, "मामा, बोंड तोडा नं! त्याच्यासंग लगन काहून लावून राह्यले?"

"बाई, पाह्यल्याबिगर घेतलं त मालक काय म्हनन?"

"मालक उपाशी मरन तोवर!"

संध्याकाळी वडील मामांच्या ओळीतून चालत आले, तर निम्मी बोंडे झाडावर तशीच पांढरी. "हा कापूस काहून सोडला?"

"डागी हाय, जवाई. मी असा माल घेत नाही."

"तुमी घेऊन नाही राह्यले!" वडील ओरडले. "येचून राह्यले!"

हा फरक मामांना समजायला चार दिवस लागले, आणि पटला तर कधीच नाही. ते डागी बोंडेही तोडू लागले. पण ती वेगळ्या गाठोड्यात ठेवत, आणि चांगल्या कापसातली पाल्याची काडी न् काडी निवडून काढत. त्यांच्या हातचा कापूस दुधासारखा स्वच्छ असे आणि दुधाइतकाच थोडा. आठव्या दिवसापर्यंत बोंडांच्या वाळक्या टोकांनी त्यांच्या उजव्या हाताची बोटे फाटली. आईने हळद भरून चिंध्या बांधल्या. त्या बोटांवर त्यांचे पोट होते. अकोल्याहून एक व्यापारी मुद्दाम बंडी जुंपून त्यांना शोधत आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "मामा, असा भाव पुन्हा पाहाले भेटनार नाही. बाजार तुमची वाट पाहून राह्यला, आन् तुमी इथं काय करून राह्यले?"

"सौदा चालू हाय," मामा चिंध्या बांधलेल्या हाताने बोंड ओढत म्हणाले.

इकडे अकोल्यात मी इंग्रजी मुळाक्षरे गिरवत होतो आणि पातूरची बंडी आली की पाटी टाकून बाहेर धावत होतो. बंडीवाला सांगे, "मामाचा ढीग? असा हाय पाहा," आणि हात गुडघ्याला लावी. पुढच्या खेपेलाही गुडघ्यालाच. कोष्ट्याचा मुलगा माझी समजूत घाली की शेतात परत जावे लागले तरी पाटी तू घेऊन जा. मामी तव्यावरची भाकर उलटताना आमच्यावरच डाफरे, "सोन्याचे दिवस चालून राह्यले, आन् हे गेले बोंडाले मुके द्याले! तू काहून रडून राह्यला बे? जेव. ढीग काय तुह्या रडण्यानं वाढते?"

पण तिसऱ्या आठवड्यात बंडीवाल्याचा हात कमरेला आला. मग छातीला. मामा शिकले म्हणायचे, असे आम्हा पोरांना वाटले आणि आम्ही त्या दिवशी पोत्यांवर उड्या मारून मामीच्या शिव्या खाल्ल्या.

वेचणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मामीने मला ठरल्याप्रमाणे पातूरला पाठवले. घरात शिरलो तर कोपऱ्यातला ढीग खुंटीच्या वर गेला होता. खुंटीवर अडकवलेले वडिलांचे पागोटे कापसात निम्मे बुडाले होते. आई चुलीपाशी, वडील दाराच्या चौकटीला टेकून उभे. मामा हातपाय धुऊन मागाहून आले, ढिगासमोर थांबले, आणि त्यांचा चेहरा मी पुढे बाजारात शंभरदा पाहिला तसा झाला. भेसळीची बंडी पुढ्यात आल्यावर होतो तसा. मला काहीच कळेना. उजव्या हाताला चिंध्या होत्या, म्हणून त्यांनी डावा हात ढिगात घातला, कोपरापर्यंत. डोळे मिटले. बराच वेळ हात आतच होता.

"काय झालं, दलालभाऊ?" वडिलांनी विचारले.

मामांनी मूठ बाहेर काढली. कापसाबरोबर वाळक्या पाल्याचा चुरा आला होता. तो त्यांनी पाहिला, मूठ मिटली आणि ती तशीच अंगरख्याच्या खिशात घातली.

"काही नाही," ते म्हणाले. "कापूस चांगला हाय, जवाई. एकाच हाताचा हाय."

वडिलांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग कापसातून पागोटे ओढून काढले, झटकले, डोक्याला गुंडाळत म्हणाले, "हाय. घेऊन जा पोट्ट्याले."

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापसाचे भाव जसे चढले तसेच उतरले. शिंगांवरची चांदी निघाली. वडिलांनी पुन्हा वांगी लावली. मी अकोल्याहून अमरावतीला, तिथून मुंबईला गेलो आणि आमच्या कुळात पहिल्यांदाच कोणी बी. ए. झाले. पदवी घेऊन घरी आलो तेव्हा आईने हसत हसत मला सांगितले, "तुह्या मामाचा ढीग गुडघ्यावर अडला होता. मंग मी रोज घरी येताना माही एक ओटी त्याच्यात टाकत होती. कोनाले सांगतलं नाही. पन एक गोष्ट मले अजून उमगली नाही. मी एक ओटी टाकत होती, आन् मामाचा कापूस सोडून ढीग रोज दोन ओट्यांनं वाढे."

अमरावतीच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली होती. जाताना अकोल्याला उतरलो. मामा थकले होते. बाजारात आता कापसाच्या गाठी बांधायला वाफेवर चालणारे दाब आले होते, आगगाडी आली होती, नवे दलाल होते. घरात मात्र चार पोरे होती आणि मामी त्यांच्यावर ओरडत होती. मी पदवीचा कागद मामांच्या हाती दिला. त्यांनी तो अंगठ्याने चोळून पाहिला. "कागद विलायती हाय," म्हणाले. "सूत नाही याच्यात, पन टिकन." मग मी त्यांना ढिगाचे विचारले. तुम्हांला तेव्हा कळले होते का?

"हात घातला तवाच कळलं. तीन हातांचा कापूस होता. एक माहा. एक तुह्या मायचा. घाईची बाई हाय, तिच्या कापसात पाल्याचा चुरा येतेच."

"आणि तिसरा?"

"तिसरा दाबून भरलेला होता. बाई कापूस मोकळा टाकते. मरदाचा हात दाबते."

"कोणाचा, मामा?"

"ते दलाल सांगत नाही," मामा म्हणाले आणि मामीकडे वळून मला पेढा देण्याविषयी काहीतरी बोलू लागले, जणू पेढे मीच आणले नव्हते.

आमच्या शेतात त्या साली मामांखेरीज एकच पुरुष वेचत होता.

पहिल्या सुट्टीत मी पातूरला गेलो तो विचारायचे ठरवूनच. वडील वांग्यांना पाणी देत होते. मी बांधावर उभा राहिलो. ते वाकून काम करत राहिले आणि थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "काय पाहून राह्यला?"

"काही नाही, बाबा."

"मंग तिकडचा वाफा फोड. पानी वाया जाऊन राह्यलं."

मी कोट काढून झाडावर टाकला आणि फावडे घेतले. वाफा चुकीच्या बाजूने फोडला, पाणी झेंडूत गेले, आणि वडील कमरेवर हात ठेवून मोठमोठ्याने हसले. शिकला का पोट्टा परका होते, असे म्हणणारा माणूस मला त्या हसण्यात कुठेच दिसला नाही. मग विचारण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नाही. आम्ही दोघांनी मिळून पाणी परत वांग्यांकडे वळवले.

मामा त्याच हिवाळ्यात गेले. वेचणी नुकतीच सुरू झाली होती. कोष्ट्याच्या त्या मुलाने मला पत्र लिहून कळवले. अक्षर सुरेख होते. मी वडिलांना काही विचारले नाही, हे मामांना सांगायचे राहून गेले. बापाची माघार दुपट्ट्याखालीच राहिली हे ऐकून ते खूश झाले असते, असे मला वाटते. कदाचित मला एक प्रत वरही चढवले असते.